खुशालराव पाटलांचा युरोप

बोरखेडीच्या खुशालराव पाटलांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर युरोपातल्या लोकांचा इतिहास शिकायला घेतला, आणि त्याला कारण झाला एक कापूस घ्यायला आलेला साहेब.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत भाऊ भावावर उठले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून साऱ्या दुनियेची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर येऊन पडली होती. अमरावतीच्या बाजाराकडे जाणारी वाट कापसाच्या गाड्यांनी तुंबलेली असे. मुंबईच्या पेढ्यांचे गोरे खरेदीदार घोड्यावर बसून खेडोपाडी हिंडत आणि ज्या गावात कधी तहसीलदार आला नव्हता तिथे साहेब चक्क पाणी मागत.

असाच एक क्राउझे नावाचा साहेब पौषात बोरखेडीला आला. गावाने त्याचा तासाभरात कराऊसाहेब केला. खुशालराव फेटा बांधून, कचेरीतल्या शिपायाकडून घोकून घेतलेलं इंग्रजी घेऊन सामोरे गेले.

"क्वीन गुड! साहेब गुड! कापूस लय गुड!"

मग हिंदुस्थानीत म्हणाले, "आपकी रानी का राज बहोत अच्छा है."

साहेबाचं तोंड आंबट झालं. "हमारा रानी नहीं. हम इंग्रेज नहीं. हम जर्मन."

खुशालरावांनी क्षणभर विचार केला आणि समजूतदारपणे मान हलवली. "अस्सं! म्हंजे इंग्रजातलीच पोटजात म्हना ना."

साहेबाबरोबर आलेल्या दलालाने हे वाक्य इमानदारीने साहेबाला समजावून सांगितलं. एवढी इमानदारी त्याने कापूस जोखताना कधी दाखवली नव्हती. साहेब लाल झाला, खुशालरावांच्या गंजीतला मूठभर कापूस उचलून त्याने फुंकर मारून उडवला आणि घोडा वळवून थेट भगवंतरावांच्या वाड्याकडे गेला.

हे भगवंतराव खुशालरावांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बंद होतं. साहेबाने त्यांचा सगळा कापूस उचलला. कापूस गेला त्याचं खुशालरावांना फार वाटलं नाही, दुसरं गिऱ्हाईक आठ दिवसांत मिळालं. पण गावाला नवा शब्द मिळाला होता. पारावर कोणी परका दिसला की कोणीतरी विचारायचंच, "पाटील, हा कोनती पोटजात?"

"मी शिकतो," एका सकाळी खुशालराव बायकोला म्हणाले. "या साऱ्या गोऱ्यायचा इतिहास शिकतो. कोन कोनाचा हाये, कोन कोनाशी बोलत नाई, सारं."

गोदाबाई ताक घुसळत होत्या. रवी न थांबवता म्हणाल्या, "शिका. तुमाले आपल्या गोतातले सारे पाव्हने तरी कुठं वळखू येतात?"

*

अमरावतीच्या नव्या इंग्रजी शाळेत मोरोपंत नावाचे मास्तर होते. मूळचे पुण्याचे. वऱ्हाडात येऊन तीन वर्षं झाली होती, तरी कोणी 'मले' म्हटलं की त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडे. त्यांच्याजवळ युरोपच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि ते आपण अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे, हे ते दर दोन वाक्यांनी सांगत. दर रविवारी खुशालरावांची बैलांची दमणी त्यांना न्यायला यायची आणि संध्याकाळी तुरीची डाळ नाहीतर घरचं तूप बरोबर देऊन परत सोडायची, असं ठरलं.

पहिल्या रविवारी ओसरीवर नकाशा पसरला.

"हा युरोप," पंत म्हणाले.

"एवढासाच?"

"एवढाच."

"मंग एवढ्याशा जागेत एवढे राजे मावतात कसे?"

"मावत नाहीत, पाटील. म्हणून तर इतिहास झाला."

हे उत्तर पंतांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या रविवारी त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं.

शिकवणी रंगात आली. फ्रान्सच्या लोकांना भाकर मिळेना, ते उठले, त्यांनी राजाचा किल्ला फोडला आणि पुढे राजाचं मुंडकंच उडवलं, हे ऐकून खुशालराव सुन्न झाले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"राजा गेला. बरं. मंग पोळ्याले मानाचा बैल कोनाचा?"

"तिथे पोळा नसतो."

"नसू द्या. काईतरी असनच ना. पयला मान कोनाले?"

पंतांनी पान उलटलं, परत उलटलं. "सगळे समान, असं ठरलं."

"सारे सारखे!" खुशालराव कळवळले. "मंग तं रोजच भांडनं झाली असतीन."

"झाली," पंत म्हणाले. "पुढची दहा पानं तीच आहेत."

माजघराच्या दाराआड गोदाबाई बसलेल्या असत. आधी त्या तांदूळ निवडायला म्हणून बसत. तिसऱ्या रविवारी सूप रिकामंच होतं. राजाचं मुंडकं उडाल्यावर आतून प्रश्न आला.

"पंतोजी, रानीचं काय केलं?"

"तिलाही तीच शिक्षा, बाई."

"अन् लेकरं?"

पुस्तकात लेकरांवर दीड ओळ होती. पंतांनी ती वाचून दाखवली. त्या दिवशी गोदाबाईंनी पंतांना तूप द्यायला सांगितलं नाही. जणू मुंडकी पंतांनीच उडवली होती.

त्यानंतर त्यांचे प्रश्न वाढतच गेले. अमुक राजाची बायको कुठली, तिचं माहेर कोणतं, मग माहेरावरच लढाईला गेला तेव्हा तिने काय केलं? पंतांच्या पुस्तकात लढाया तारीखवार होत्या, तहांची कलमं होती, पण बायकांची माहेरं नव्हती. "हे इतिहासात येत नाही, बाई," असं पंत म्हणत. "काहून?" असं आतून येई. त्यावर पंत पाणी मागत.

माघ संपता संपता बोनापार्ट हरला. त्याला दूरच्या बेटावर नेऊन ठेवलं आणि पंतांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर सप्ताहाची सांगता केल्यासारखं समाधान होतं.

"मंग?" खुशालराव म्हणाले.

"मग काय? संपलं."

"अन् जर्मन?"

"त्यांचे उल्लेख आले की मधे मधे."

"तसं नाई. तो आपला कराऊसाहेब कुठून आला? ह्या बोनापार्टाले मरून किती सालं झाली?"

पंतांनी मनात हिशेब केला आणि त्यांचा आवाज उतरला. "बेटावर नेला त्याला पन्नासेक वर्षं होत आली."

"म्हंजे मी अदुगर जसा अडानी होतो तसाच हावो," खुशालराव म्हणाले. "फकत पन्नास सालं मांगचा."

पंत त्या दिवशी पुस्तक काखेत मारून तडक दमणीत जाऊन बसले. पण माणूस जितका घमेंडी तितकाच प्रामाणिक होता. आपल्याला जे येत नाही ते येत नाही, हे त्यांना तोंडाने कबूल करता येत नसे, तरी झोपही लागत नसे. त्यांनी कचेरीतल्या कारकुनांकडून मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणले आणि पुढच्या रविवारी डोळे तांबारलेले असे बोरखेडीला हजर झाले.

आता जे निघालं ते पुस्तकापेक्षा कितीतरी चटकदार होतं. इटलीतले तुकडे जोडून एक राज्य झालं होतं. जर्मन नावाचे लोक तीसपस्तीस संस्थानांत वाटले गेले होते आणि जर्मनी नावाचं एक राज्य मात्र नकाशात बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. आणि ग्रीक लोकांनी आपला राजा हाकलून दिला होता, नवा शोधत वणवण केली होती आणि शेवटी डेन्मार्कहून एक सतरा वर्षांचा राजपुत्र आणून गादीवर बसवला होता.

"राजा भाड्यानं आनला?" खुशालरावांना हसू आवरेना.

"भाड्यानं काहून?" आतून गोदाबाई म्हणाल्या. "दत्तक घेतला म्हना. आपल्यात घेत नाईत का? पोराच्या मायले इचारलं व्हतं का पन, पंतोजी?"

पंतांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली. तेही तिथे नव्हतं.

*

विद्या आली की ती दाखवावीशी वाटते. फाल्गुनात खुशालरावांनी होळीच्या पुरणपोळीचं जेवण योजलं आणि क्राउझेसाहेबाला सन्मानाने बोलावणं धाडलं. त्याच सुमारास अमरावतीला दुसऱ्या पेढीचा हान्सेन नावाचा उंच, पिवळ्या मिशांचा खरेदीदार आला होता. तो डेन्मार्कचा आहे असं कळताच खुशालरावांना कोण आनंद झाला. ज्यांचं पोरगं दत्तक गेलं, त्यांच्यातलाच! त्यालाही बोलावलं.

साहेबांना घरात नेणं शक्यच नव्हतं, म्हणून आवारातल्या निंबाखाली सडा घालून पाट मांडले. पंत दूर एका बाजेवर बसले. ते पाटलाकडचं जेवणार नव्हते, पण पुरणाचा वास घ्यायला शास्त्राची हरकत नव्हती. अर्धा गाव कुडाच्या पलीकडून डोकावत होता. भगवंतरावसुद्धा कोणाच्या तरी मागे उभे होते, असं म्हणतात.

खुशालरावांनी दोन्ही साहेबांना शेजारी शेजारी बसवलं. पानं वाढून झाली. मग ते उभे राहिले आणि पंतांच्या मदतीने भाषण करू लागले.

"हंसनसाहेब, तुमचं पोरगं ग्रीकायच्या घरी दत्तक गेलं, लय बेस झालं. कराऊसाहेब, मागच्या खेपेले माझं चुकलं. जर्मन ही पोटजात नाई, अलग जात हाये. इंग्रज अलग, डेन अलग, जर्मन अलग. अन् तुमी दोघं तं सख्खे शेजारी. शेजाऱ्यायनं असं एका पंगतीत बसून खावं, यातच शोभा हाये."

पंतांनी इंग्रजी केलं. करता करता त्यांना दिसलं की हान्सेनचा हात पानावरच थांबला आहे आणि क्राउझे समोरच्या निंबाकडे बघतो आहे. कुणीच घास उचलला नाही.

"काय झालं?" खुशालराव कुजबुजले. "पुरन खारं झालं का?"

हान्सेन हळूहळू बोलला. पंत ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. परवाच मुंबईहून डाक आली होती. डेन्मार्कच्या दक्षिणेला श्लेस्विग नावाचा मुलूख होता. त्यावरून लढाई पेटली होती. जर्मनांतलं प्रशिया आणि त्याच्या जोडीला ऑस्ट्रिया, दोघांच्या फौजा बर्फातून आत शिरल्या होत्या. डेन लोकांनी आपला पिढीजात तट एका रात्रीत सोडून माघार घेतली होती. त्या फौजेत हान्सेनचा धाकटा भाऊ होता. त्याची काही खबर नव्हती.

"हे तुमच्या कागदात नव्हतं, पंत?"

"माझे कागद पौषातले होते," पंत खाली बघत म्हणाले.

आता क्राउझे बोलू लागला, आणि तो तावातावाने बोलू लागला. तो स्वतः श्लेस्विगला लागून असलेल्या होल्स्टाइनचा. तिथले लोक जर्मन बोलतात. डेन राजाने श्लेस्विग गिळायला घेतलं, म्हणून आमचे लोक सोडवायला गेले, असं त्याचं म्हणणं. हान्सेनने तितक्याच तावात उत्तर दिलं. मुलूख त्याच्या राजाचाच होता, आणि त्याचं स्वतःचं घर तिथे होतं, त्या घरात तर कोणी जर्मनाला हाक मारली नव्हती. क्राउझेने काडी घेऊन मातीत नकाशा काढला. हान्सेनने त्यातली एक रेघ पुसली. क्राउझेने ती परत काढली.

मातीतली ही रेघ बघून मात्र खुशालराव सावध झाले. हे त्यांना समजत होतं. किती तरी धुरे त्यांनी पाटीलकीत मोजून दिले होते, आपला तेवढा सोडून. ते उकिडवे बसले.

"थांबा. जमीन वाहते कोन?"

पंतांनी विचारून सांगितलं, वरच्या अंगाला डेन बोलणारे, खालच्या अंगाला जर्मन बोलणारे, मधे मिसळलेले.

"मंग सोपं हाये. मधातून धुरा टाका. वरचं यायचं, खालचं त्यायचं."

पंतांनी भाषांतर केलं. दोन्ही साहेब एकाच वेळी, एकाच आवाजात ओरडले, "नो!"

कुडापलीकडे खसखस पिकली. "जमलं, पाटील!" कोणीतरी म्हणालं. "दोघायचं एकमत झालं!"

क्राउझे ताडकन उठला. हान्सेनही उठला. पंगत मोडणार, तेवढ्यात दारातून गोदाबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट केलेला, पण परक्या पुरुषांसमोर त्या अशा कधी आल्या नव्हत्या.

"पंतोजी, त्यायले सांगा. सनाच्या दिवशी भरल्या पानावरून उठत नाईत. भांडन असलं तं असू द्या. आमच्या इकडे भावबंदकीतले दोघं लग्नात आले तं आमी पाट फिरवतो. पाठीले पाठ लावून बसा अन् जेवा. एकामेकाचं तोंड पाहाचं काम नाई."

आणि त्यांनी खरंच पाट फिरवायला लावले. दोन उंच साहेब, पाय कुठे ठेवावे ते न कळून, एकमेकांकडे पाठ करून बसले. एकाचं तोंड गोठ्याकडे, एकाचं निंबाकडे. वाढपी दोघांभोवती प्रदक्षिणा घालत वाढू लागला. हसू येण्यासारखंच ते दृश्य होतं, पण हसलं कोणी नाही.

"भावाचं नाव काय त्याच्या?" गोदाबाईंनी विचारलं.

"येन्स," हान्सेन म्हणाला.

त्याला दुसरी पोळी वाढली. तुपाची धार जरा लांबली.

बऱ्याच वेळाने क्राउझे मान न वळवता काही तरी बोलला. इंग्रजी नव्हतं ते. हान्सेनने थोडं थांबून त्याच भाषेत उत्तर दिलं. मग क्राउझेने आणखी काही विचारलं, याने सांगितलं.

"काय म्हनून राहिले, पंत?" खुशालरावांनी विचारलं.

मोरोपंतांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी ऐकलं नसेल असं वाक्य ते बोलले. "मला कळत नाही, पाटील."

"भावाचं इचारून राहिला," गोदाबाई म्हणाल्या.

"तुले जर्मन येते?"

"नाई. पन दुसरं काय इचारीन तो?"

*

त्या दिवसानंतर बोरखेडीच्या शिकवणीची शिस्त बदलली. पंत आले की आधी नकाशा नाही, पुस्तक नाही, गोदाबाई विचारत, "येन्साचं काई समजलं?" पंत ताज्या डाकेचं वर्तमानपत्र मिळवण्यासाठी आता कारकुनांच्या दारात ताटकळत उभे राहत. मृगाच्या आधी त्यांनी बातमी आणली, की एका मोठ्या मोर्च्यावर डेन लोक हरले, शेकडो मेले, हजारो कैद झाले. नावं नव्हती. गोदाबाईंनी त्या दिवशी मोठी लढाई कोण जिंकलं ते विचारलं नाही. दिवाळीनंतर पंत म्हणाले की तह झाला आणि डेन राजाने सगळा मुलूख सोडला.

थंडीत कापसाचा हंगाम सुरू झाला तसा हान्सेन आला. घोड्यावरून उतरायच्या आधीच त्याने हसून मान हलवली, आणि दारातल्या गोदाबाईंना ते पंतांच्या आधी कळलं.

येन्स जिवंत होता. कैद झाला होता, तहानंतर सुटून घरी आला होता. पाय अधू झाला होता, पण नांगर धरू शकत होता. घर मात्र आता त्यांच्या राजाच्या मुलखात उरलं नव्हतं.

"आदमी वही, खेत वही," हान्सेन म्हणाला. "मुल्क दूसरा."

खुशालरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "साहेब, त्याचं वाईट नका वाटून घेऊ. आमचाबी असाच बदलला व्हता. सकाळी निजामाच्या राज्यात उठलो, संध्याकाळी इंग्रजाच्या राज्यात निजलो. बैलायले तं अजून समजलं नाई."

पंतांनी हे इंग्रजीत सांगितलं. हान्सेन मोठ्याने हसला आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले.

त्या वर्षी त्याने खुशालरावांचा सगळा कापूस चढ्या भावाने घेतला. तो अखेरचा चांगला भाव ठरला. उन्हाळ्यात मोरोपंत भर दुपारी, रविवार नसताना, भाड्याच्या छकड्यातून घाईघाईने बोरखेडीला आले. पारावर माणसं जमली. भाव रोज पडत होता आणि का पडतो आहे ते कोणालाच उमगत नव्हतं. कोणी दलालांना शिव्या देत होतं, कोणी आगगाडीला.

"अमेरिकेतली लढाई संपली," पंत म्हणाले. "तिकडचा कापूस पुन्हा निघेल."

 सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं, भगवंतरावांनीही. आता कोणी पोटजात विचारत नव्हतं. खुशालरावांनी त्यांना सांगितलं, काडी घेऊन मातीत काढून सांगितलं, अमेरिका कुठे, विलायत कुठे, गिरण्या कुठे, आणि आपण कुठे. सांगताना त्यांचा आवाज जड होता. ज्याला कारण समजतं त्याचं नुकसान काही कमी होत नाही.

घरी आल्यावर ते ओसरीवर मटकन बसले. गोदाबाईंनी पाणी दिलं.

"समजलं का? अमेरिकेतले लढाचे थांबले."

"भाऊ भाऊ एक झाले?"

"झाले म्हन्तात."

"मंग बेस झालं," गोदाबाई म्हणाल्या. "कोना मायचे पोरं तरी घरी आले असतीन."

"अन् आपला कापूस?"

"तो सस्ता झाला तं झाला. ह्या साली ज्वारी पेरा."

खुशालरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग "तुले काय जाते म्हनाले," असं पुटपुटत उठले आणि पेरणीच्या आधी तिफण नीट आहे का ते बघायला गोठ्याकडे गेले.